‘लास्ट’ आणि तीनशे फर्मे

शब्दकोशाच्या कचेरीत मोठ्या शब्दांना कुणी घाबरत नसे. लांबलचक शास्त्रीय शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो. तो लिहिला की सुटलो. छळतात ते छोटे. ‘गेट’ने एका संपादकाची दीड वर्षं खाल्ली होती. ‘कीप’च्या वेळी टंकलेखिकेने राजीनामा लिहून खणात ठेवला होता, पुढे तो तिनेच फाडला. त्यामुळे सोमवारी सकाळी ‘लास्ट’ची कार्डं वाटायला निघाली तेव्हा सगळे एकदम कामात बुडून गेले, आणि गठ्ठा ताईंच्या टेबलावर येऊन पडला.

ताई या कचेरीत चौदा वर्षं होत्या. इंग्रजी शब्दांना आपल्या भाषेतले अर्थ द्यायचे, प्रत्येक अर्थाला पुरावा द्यायचा आणि तो शब्द आला कुठून तेही चार ओळींत सांगायचं, हे त्यांचं काम. मुख्य संपादकांना सगळे मागे ‘खोडरबर’ म्हणत. लिहिलेलं खोडण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

“शुक्रवारपर्यंत द्या,” खोडरबर म्हणाले. “सोपा आहे.”

ताईंनाही तसंच वाटलं. ‘लास्ट’ म्हणजे शेवटचा, आणि क्रियापद म्हणून ‘लास्ट’ म्हणजे टिकणे. एकाच शब्दाचे हे दोन उलटे अर्थ कसे, याचं उत्तरही त्यांना चहा पिता पिता सुचलं. जे शेवटपर्यंत राहतं ते टिकतं. म्हणजे ‘शेवट’पासूनच ‘टिकणे’ निघालं असणार. सुबक अक्षरात त्यांनी तसं लिहून टाकलं.

दुपारी कार्ड परत आलं. ती ओळ नव्हतीच तिथे. नुसता खरखरीत पांढरा पट्टा, आणि शेजारी पेन्सिलीने: ‘हा तर्क की पुरावा?’

ताई चिडल्या. मग कपाटातून जाड ग्रंथ काढून बसल्या, आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. तर्क साफ चुकला होता. हे दोन शब्द एकमेकांचे कुणीच लागत नव्हते. ‘शेवटचा’ या अर्थाचा ‘लास्ट’ हा ‘लेट’च्या घरातला, सगळ्यात उशिरा येणारा तो, बोलता बोलता झिजून ‘लास्ट’ झालेला. ‘टिकणे’वाला ‘लास्ट’ मात्र वेगळ्याच घराण्यातला. त्याच्या मुळाशी होती पाऊलखूण. माग. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता मागोमाग जाणे, सोबत करणे, हाती घेतलेलं पार पाडणे. आणि त्यातूनच पुढे चालू राहणे, टिकणे. शेकडो वर्षांत उच्चार घासत गेले आणि दोन परके एकाच कपड्यात समोर आले, इतकंच.

त्याच पाऊलखुणेचं आणखी एक भावंड होतं. जोडे करणाऱ्याचा फर्मा, म्हणजे ज्याच्यावर जोडा घडवतात तो लाकडी पाय. त्यालाही इंग्रजीत ‘लास्ट’च म्हणतात, आणि त्यावर जोडा घडवण्याच्या क्रियेलाही.

मंगळवारी ताईंनी लिहिलं: ‘चामडे फर्म्यावर चढवणे.’

या वेळी खोडरबर स्वतः टेबलापाशी आले. “चढवणे म्हणजे कसं हो? टोपी चढवतात तसं? की उशीला अभ्रा चढवतात तसं?”

“ग्रंथात एवढंच दिलंय.”

“ग्रंथात काय ते मीही वाचलंय. तुम्ही कुणाला हे करताना पाहिलंय का?”

ताईंची मोठी पंचाईत झाली. त्यांचे सासरेच जोडे करत. घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचं दुकान होतं, आणि लग्नाला एकोणीस वर्षं होऊनही ताई त्या दुकानातून फक्त ये-जा करत आल्या होत्या.

---

सासरे जाऊन आठ महिने झाले होते. दुकानाचं शटर तेव्हापासून बंद. ताईंचा नवरा बँकेत होता, व्यवस्थित माणूस. रिकामी जागा त्याच्या डोळ्यांत खुपायची. छायाप्रतींचं दुकान टाकणारा एक भाडेकरू त्याने पाहून ठेवला होता. भिंतींवर टांगलेले तीनएकशे लाकडी फर्मे शनिवारी एक टेम्पोवाला भट्टीसाठी घेऊन जाणार होता. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, “ने म्हणावं. लाकूडच आहे.” आणि पुन्हा तो विषय काढला नव्हता.

मंगळवारी घरी आल्यावर ताईंनी चपला काढल्या न काढल्या तोच स्वयंपाकघर गाठलं. सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या.

“आई, फर्म्यावर चामडं कसं चढवतात हो?”

“चढवत नाहीत. ओढतात.” सासूबाईंनी मान वर केली नाही.

“म्हणजे कसं?”

“ओढतात म्हणजे ओढतात. तुला काय करायचंय?”

ताईंनी खोडरबरचं सगळं सांगितलं. टोपी, अभ्रा, सगळं. सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. “अभ्रा म्हणाला? मेल्याने कधी जोडा उलटा करून पाहिलाय का?” त्या उठल्या, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, “खिळ्यावरची किल्ली घे. खाली चल.”

शटर करकरत कमरेइतकं वर गेलं आणि अडकलं. दोघी वाकून आत शिरल्या. आत डिंकाचा, मेणाचा आणि बंद खोलीचा वास कोंडला होता. दिवा लावल्यावर भिंती दिसल्या. छतापर्यंत फर्मेच फर्मे, जोडीजोडीने खिळ्यांना लटकलेले, प्रत्येकाच्या टाचेवर शाईने लिहिलेलं: ‘पोस्टमन’, ‘गणिताच्या बाई’, ‘ढोलवाला, उजवा अंगठा’. कित्येकांवर चामड्याच्या छोट्या चकत्या डकवलेल्या होत्या. कुठे अंगठ्याच्या हाडावर, कुठे घोट्याखाली.

“हे काय?”

“पाय बदलतो ना,” सासूबाई म्हणाल्या. “हाड वाढतं, बोट वाकडं होतं. तेवढी चकती लावायची. नवा फर्मा कोण कोरत बसणार?”

खणात एक शिवून तयार असलेला, पण तळ नसलेला जोड्याचा वरचा भाग निघाला. सासऱ्यांच्या हातचं शेवटचं अर्धं राहिलेलं काम. सासूबाईंनी तो ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. त्या मापाचा फर्मा उतरवला, त्याच्या तळव्याला आतला तळ दोन खिळ्यांनी ठोकला. मग स्टुलावर बसून फर्मा मांडीत उपडा घेतला आणि चामडं मऊ झाल्यावर त्यावर घातलं. हे झालं चढवणं. त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही.

“आता बघ.”

त्यांनी वाकड्या तोंडाची पक्कड उचलली. आधी चवड्याच्या टोकाला चामडं चिमटीत धरून तळव्यावर ओढलं, मनगट असं फिरवलं की चामडं कुईं करून ताणलं गेलं, आणि त्याच पकडीच्या पाठीने एक खिळा ठोकला. मग डावीकडे. मग उजवीकडे. मग टाच. प्रत्येक ओढीसरशी ढगळ पिशवी हळूहळू पाय होत चालली होती. चवड्यापाशी चामड्याला चुण्या पडतात. त्या त्यांनी एक-एक करून इतक्या बारीक दुमडल्या की वरून पाहिलं तर काही कळू नये. खिळे त्या ओठांत धरत आणि जिभेने एकेक पुढे सरकवत.

ताई वही घेऊन आल्या होत्या, पण त्यांनी एक शब्दही लिहिला नाही. त्या सासूबाईंचे हात पाहत होत्या.

“आई,” त्या शेवटी म्हणाल्या, “हे तुम्ही नुसतं पाहून शिकलेलं नाही.”

सासूबाईंनी उरलेले खिळे ओंजळीत काढले.

“ह्यांचा अंगठा गेला त्याला सतरा वर्षं झाली. सांधा धरला. कापायचे झकास, माप घ्यायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचे; पण पक्कड धरवेना. मग ओढायचं मी. दुपारी शटर अर्धं ओढून.”

“सतरा वर्षं? आणि घरात कुणाला माहीत नाही?”

“तुझ्या नवऱ्याला वाटायचं आई दुपारी झोपते.” त्या हसल्या. “एकदा म्हणाला, आई, तू फार झोपतेस हल्ली, डॉक्टरला दाखवू या.”

“पण सांगितलं का नाही?”

“ह्यांनी काही सांगू नको म्हटलं नव्हतं. मीच नाही बोलले. लोक त्यांच्या हातावर विश्वासून यायचे. उगाच कशाला.” त्यांनी फर्मा कुशीत घ्यावा तसा धरला होता. “आणि ते गेल्यावर तर काय बोलायचं? कुणी म्हणालं असतं, म्हातारी आता श्रेय घ्यायला निघाली.”

---

तेवढ्यात अर्ध्या शटरखालून कुणीतरी डोकावलं. पांढरा गणवेश, हातात जोड्यांची पिशवी. पलीकडच्या रुग्णालयातल्या एक नर्सबाई होत्या. त्यांचा डावा पाय जन्मापासून दीड इंच आखूड. सासऱ्यांनी त्यांना नऊ वर्षांपूर्वी एक जोड करून दिला होता, तो आता टाचेतून पार बसला होता.

“दिवा दिसला म्हणून आले,” त्या म्हणाल्या. “काका आहेत का?”

ताईंनी ते गेल्याचं सांगितलं. नर्सबाई तिथेच शटरला धरून उभ्या राहिल्या.

“मला कळलंच नाही हो. मी दोनदा येऊन गेले, बंद होतं.” मग म्हणाल्या, “दुसरीकडून बाजारी बुटाला जाड तळ लावून घेतला. महिनाभरात कंबर धरली. आता मला वॉर्डातून काढून नोंदणीच्या खिडकीवर बसवलंय. दिवसभर नाव, वय, पत्ता. पेशंटच्या अंगाला हात लावायला मिळत नाही.” त्यांनी पिशवी छातीशी धरली. “असू दे. त्यांच्या हातची सर आता कुठून येणार? येते मी.”

ताईंनी तोंड उघडलं, पण सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या गप्प झाल्या. नर्सबाई वाकून बाहेर पडायला लागल्या. एक पाय बाहेर गेलासुद्धा.

“थांब गं,” सासूबाई म्हणाल्या. “बस इथे. बूट काढ.”

त्या स्टुलावर चढल्या आणि वरून तिसऱ्या रांगेतला एक फर्मा, टाचेवरचं न वाचताच, काढून आणला. नर्सबाईंचा पाय मांडीवर घेतला, बोटांनी चाचपला. “इथे हाड सरकलंय. पूर्वी नव्हतं. आणि करंगळी आत गेली, ती बाजारी बुटाने गेली.”

“तुम्हाला कसं माहीत पूर्वी काय होतं?”

सासूबाईंनी एकदा सुनेकडे पाहिलं आणि मग नर्सबाईंकडे. “तुझा तो जोडा मी ओढलाय. माप त्यांचं, कापणी त्यांची. ओढणी माझी.”

नर्सबाईंनी पिशवीतला बसलेला जोडा काढला, उलटा करून पाहिला, जणू तिथे सही असेल.

“मग काकू, कराल मला?”

“ओढीन. पण कापणं माझं काम नव्हतं, ते ह्यांचं. जमेल की नाही सांगता येत नाही.”

“नाही जमलं तर खिडकी आहेच माझी,” नर्सबाई म्हणाल्या.

---

नाहीच जमलं आधी. बुधवारी सासूबाईंनी पहिला तुकडा कापला तो टाचेशी बोटभर तोकडा पडला. दुसरा दोन्हीकडून सारखा येईना. गुरुवारी ताई कचेरीतून आल्या तेव्हा त्या जमिनीवर कातरणांच्या ढिगात पाय पसरून बसल्या होत्या.

“सतरा वर्षं शेजारी बसले,” त्या म्हणाल्या, “आणि त्यांच्या कात्रीकडे एकदा धड पाहिलं नाही. मला वाटायचं, ते काय, कापणंच तर आहे.”

ताईही शेजारी बसल्या. नर्सबाई ठेवून गेल्या होत्या तो जुना जोडा त्यांनी हातात घेतला. “आई, हा उसवला तर?”

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग आरी मागितली. टाके एकेक करून काढले, जुनं चामडं भिजवलं, पाटावर सपाट पसरलं. समोर त्यांच्या नवऱ्याची कापणी जशीच्या तशी पडली होती. कुठे किती सोडलं, कुठे तिरकं घेतलं, सगळं. बराच वेळ त्या त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

“इथे पाव इंच जास्त ठेवायचे होय,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “लबाड.”

शुक्रवारी ताईंनी कार्ड दिलं. ‘चढवणे’ खोडून त्यांनी स्वतःच लिहिलं होतं: ‘भिजवलेले चामडे पकडीने फर्म्यावर सर्व बाजूंनी ताणून ओढणे व तळाशी खिळ्यांनी बसवणे.’ वर ‘टिकणे’ची पाऊलखुणेपासूनची वाट, आणि ‘शेवटचा’ वेगळ्या नोंदीत, वेगळ्या घरी.

खोडरबरनी चष्मा वर-खाली केला. पेन्सिल टेकवली, उचलली. “हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

“माझ्या सासूबाईंनी. करून दाखवलं.”

“मग हे राहू दे.” त्यांनी एक स्वल्पविराम खोडला, कारण काहीतरी खोडल्याशिवाय त्यांना राहवत नसे. मग ते पुन्हा पाऊलखुणेच्या ओळीवर आले आणि तिथे थांबले. “ताई, या घराण्यात ‘लर्न’ पण येतो ना? शिकणे?”

“येतो. मुळात माग काढणे, असंच ग्रंथ म्हणतात.”

“‘लर्न’ मी केला होता. परवाच छापायला गेला. त्यात हे नाही.” ते उठले. साठीचा माणूस, पण दोन-दोन पायऱ्या गाळत खाली छापखान्याला फोन करायला गेला. कचेरीत खोडरबरने स्वतःची नोंद परत मागवल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

घरी येऊन ताईंनी मोठ्या उत्साहाने सासूबाईंना सांगितलं, की तिकडच्या भाषेत फर्मा आणि टिकणं एकाच पावलाच्या ठशातून आलंय.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. “फर्मा कुठला टिकतोय? वाळवी लागते,” त्या म्हणाल्या. “आणि पाय तर रोज बदलतो. तो दोरा दे इकडे.”

---

शनिवारी सकाळी टेम्पो दाराशी लागला. ताईंचा नवरा यादी घेऊन खाली उतरला आणि शटरपाशीच खिळला. आठवडाभर आई आणि बायको खाली काहीतरी आवराआवर करताहेत एवढंच त्याला वाटत होतं. आई स्टुलावर बसली होती, मांडीत उपडा फर्मा, तोंडात दहा-बारा खिळे. पक्कड फिरली, चामडं कुईं करून ताणलं गेलं.

“आई? तू हे…”

तोंडात खिळे असल्याने तिला बोलता येईना. तिने नुसता हात वर करून थांबायची खूण केली.

ताईंनी त्याला बाहेर नेलं आणि थोडक्यात सगळं सांगितलं. तो ऐकत गेला तसतसा त्याचा चेहरा लहान होत गेला. आत येऊन तो आईसमोर उकिडवा बसला.

“मला का नाही सांगितलंस?”

आता तिने खिळे काढले. “तू विचारलंस कधी?”

“मी तुला झोपेचा डॉक्टर बघत होतो!”

“बघितलास, पण नेलं नाहीस. बरं झालं.” तिने त्याच्या गालाला हात लावला, बोटाला मेण होतं, ते गालाला लागलं.

टेम्पोवाल्याने बाहेरून हॉर्न दिला. नवरा उठला, यादीची घडी करून खिशात घातली आणि बाहेर जाऊन म्हणाला, “माफ करा, तुम्हाला उगाच बोलावलं. हे फर्मे लागणार आहेत.”

“सगळे?” टेम्पोवाला म्हणाला.

नवऱ्याने आत डोकावून आईकडे पाहिलं. आईने भिंतींवरून नजर फिरवली. “ढोलवाला वारला,” ती म्हणाली. “पण त्याच्या मुलाचा अंगठा तसाच आहे. सगळे.”

दोन आठवड्यांनी नर्सबाई नवा जोडा घालून दुकानातल्या दुकानात चालल्या. पहिल्या फेरीत करंगळीला टोचलं. सासूबाईंनी जोडा परत घेतला, आतून दाबून, थोपटून तेवढी जागा सैल केली. दुसऱ्या फेरीत नर्सबाई शटरबाहेर गेल्या, रस्ता ओलांडला, कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि वळून परत आल्या. खांदे एका रेषेत होते.

“कुठे लागतंय?” सासूबाईंनी विचारलं.

“कुठेच नाही,” नर्सबाई म्हणाल्या.

महिन्याने त्या वॉर्डात परतल्या. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांनी जोडा पाहिला आणि पत्ता विचारला. छायाप्रतींचं दुकान दुसऱ्या गल्लीत निघालं. बँकेतल्या व्यवस्थित माणसाला रविवारची सुट्टी असते; तो आता कागद आणि पेन्सिल घेऊन आईच्या समोर बसतो आणि तिच्या नजरेखाली पायांची मापं उतरवतो. ताई टाके घालायला शिकताहेत. त्यांचे टाके अजून वाकडे येतात आणि सासूबाई ते न बोलता उसवतात, त्या बाबतीत त्या खोडरबरच्याही वर आहेत.

मागच्या रविवारी डॉक्टरांनी पाठवलेले एक आजोबा आले. त्यांना पायाला बोट लावलं की गुदगुल्या व्हायच्या. पेन्सिल तळव्याच्या कडेला टेकली की ते खुर्चीत उसळायचे, कागद सरकायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून.

“अहो आजोबा, हलू नका,” ताईंचा नवरा चौथ्यांदा म्हणाला.

“मी कुठे हलतोय, पायच हलतोय!”

“धर त्यांना घट्ट,” आईने सुनेला सांगितलं. ताईंनी आजोबांचा घोटा दोन्ही हातांनी पकडला, नवऱ्याने जीभ दातांत धरून पेन्सिल टेकवली, आणि आजोबा इतक्या मोठ्याने हसले की समोरच्या घरातल्या बाई काय झालं म्हणून खिडकीत आल्या.